अकरा नंबरचा डबा

थांब, पटकन टाइप करून टाकते, नाहीतर परत पुसून टाकीन. हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही — आईलेही नाही.

तुले माहीत आहे ना, मी जरीपटक्यात मिठाईच्या कारखान्यात क्वालिटी पाहते, अन् सोबत पार्ट-टाइम पीएचडी करून राहिली? विषय ऐकून सगळे हसतात — संत्रा बर्फीत सालीची पूड टाकली तर बुरशी उशिरा लागते का? पण मले खरंच भारी वाटते!

बारा डबे होते. अर्ध्यांत पूड, अर्धे साधे. भरून त्यावर नंबर लिहायचं काम कॉलेजच्या लॅबमधल्या शीला मावशीचं. मी दर शनिवारी ड्यूटी करून पाहायले जायची. साध्यांले आधी बुरशी आली, पूडवाल्यांले मागाहून. अन् अकरा नंबर — साधा! — एकदम स्वच्छ. काहून? सांग ना, काहून?

सोमवारी कमिटीसमोर रिझल्ट दाखवायचे होते. परत प्रयोग म्हणजे अजून दोन महिने, अन् दिवाळीच्या सीझनमध्ये कारखान्यातून सुट्टी? नावच काढू नको. त्याआधीच्या शनिवारी माझे गाइड सर लॅबमध्ये आले. "हा अकरा असा काहून?" अन् मी — एक सेकंदही नाही लागला मले — म्हटलं, "मावशीनं नंबर चुकीचा लिहिला असन, सर."

सरांनी अकरा खोडला. मावशी तिथंच बेसिनपाशी भांडे धुवून राहिली होती. "मी तं पाहूनच लिवलं होतं बाप्पा," एवढंच बोलली.

पाहूनच लिहिलं होतं तिनं. मी सर यायच्या आधीच झाकण उघडून पाहिलं होतं — सालीचा एक कण नव्हता आत.

मग काय होतं यार त्या डब्यात? खवा वेगळा? झाकण जास्त घट्ट? अजून डोक्यात फिरते. घरी तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा बुरशी. अन् तो डबा तर मीच फेकला.

तेव्हापासून मावशी नंबर दोनदा लिहिते — एक झाकणावर, एक डब्याच्या पोटावर. नव्या पोरींले म्हणते, "तू बी पाहून घे वं, माह्या हातानं चूक होते."

गेल्या आठवड्यात थीसिस जमा केला. पेढे घेऊन गेली तर मावशीनं हातच धरला माझा. "माह्यापायी तुह्या कामात खोट आली होती वं पोरी. मनात ठेवू नको."

मी म्हटलं, "जाऊ द्या मावशी. होते असं कधी कधी."

माफ केलं मी तिले.