माजघरातला कोपरा

विधवा झाल्यावर माझी थोरली बहीण अक्का माझ्याकडे देवपूरला राहायला आली, तेव्हा तिच्या हातात एक बोचकं आणि टोपलीत कासव होतं. पाठीवर पिवळी नक्षी असलेलं, जमिनीवरचं. सातपुड्याकडून डिंक विकायला येणाऱ्या बाईनं तिला दिलेलं.

माजघराच्या एका कोपऱ्यातली जमीन अक्कानं उकरली, पांझरा नदीची वाळू आणि माती मिसळून हातभर खोल भुसभुशीत ठेवली. तेवढा कोपरा कधी सारवायचा नाही. उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट, थंडीत कोरडा पाला. कासव आत शिरून दिवसचे दिवस दिसायचं नाही. अक्का जवळ बसून त्याच्याशी बोलायची. माझ्याशी फारसं बोलत नसे. मीही विचारत नसे.

शेजारी हसायचे. "मास्तर, देवळात कासव दगडाचं असतं, तुमच्याकडं चालतं!"

मला लाज वाटे. त्या हिवाळ्यात मुलीकडची माणसं माझं घर पाहायला येणार होती. अक्का आठ दिवस जळगावला, नणंदेच्या बाळंतपणाला गेली होती. मी जमीन चोपायला बाई बोलावली. कोपऱ्यात चोपणं आपटताना ती थांबली.

"भाऊ, आठे माटी पोकळ लागस. खाले काहीतरी शे."

"उंदराचं बीळ असेल," मी म्हणालो. "चोप."

खाली काय आहे ते मला माहीत होतं. इतकी वर्षं मी स्वतःलाही हे सांगितलं नाही.

अक्का परतली, तेव्हा मी म्हणालो, "दार उघडं राहिलं. नदीकडं गेलं असेल." महिनाभर ती पांझरेच्या काठानं फिरली, धुणं धुणाऱ्या बायकांना विचारत. मी एकदाही तिला अडवलं नाही.

ते स्थळ जमलं नाही. पुढं कुठलंच जमलं नाही. घरात आम्ही दोघंच उरलो.

यंदा ती चुलीपाशी बसलेली असताना मी तिला सारं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवली. मग विचारलं, "झोपेत होतं का रे तेव्हा?"

"हो," मी म्हणालो. ते मला कुठं माहीत होतं?

तिनं मला वाढलं. स्वतःचं ताट घेऊन ती ओसरीवर जाऊन बसली. तेव्हापासून तिथंच जेवते.