शेवटच्या कडव्याची मालकीण

कोणी गाणं गुणगुणायला लागलं की माझी सुभद्रा आत्या आधी विचारायची, "हे कोनं लिव्हलं?" सांगता आलं नाही तर ती तोंड फिरवायची, मग गळा कितीही गोड असो. लहानपणी मी तिला जाम घाबरायचे, कारण मला गाणी पाठ असायची आणि लिहिणाऱ्यांची नावं नाहीत.

आत्या जानेफळची. शिक्षण चौथी, काम दुसऱ्यांच्या शेतात निंदणं. सोयाबीनच्या ओळींची एक पात निंदून होईस्तोवर तिचं एक कडवं तयार व्हायचं. ते बांधावर सोबतच्या बायांना ऐकवायची आणि घरी आल्यावर वहीत उतरवायची. बाबासाहेबांवरची गाणी तर होतीच, पण सासूवर, सरपंचावर, रेशनच्या दुकानावरही होती. "हात निंदून राह्यले, मंग डोकं काऊन रिकामं ठेवू?" असं तिचं म्हणणं.

आमच्याकडे भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्टीच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव गुंफायची रीत आहे. आत्याही आपलं नाव गुंफायची. पण गावच्या पार्टीचे शाहीर तिच्याकडून गाणी न्यायचे आणि सुभद्रेच्या जागी स्वतःचं नाव घालून गायचे. ती भांडायला गेली तर म्हणाले, "वयनी, बाईच्या नावाचं गानं स्टेजवर चालत नाही. आन चाल तं माही हाय ना!"

मग आत्याने भांडण सोडलं आणि डोकं चालवलं. पुढचं गाणं दिलं ते शेवटच्या कडव्याशिवाय. "थे माह्यापाशी राहू द्या," म्हणाली. शाहिरांनी घरचंच एक कडवं जोडलं. डोणगावच्या भीमजयंतीत ते गाताना चालीत बसेना. दोनदा अडखळले. तेवढ्यात बायांच्या रांगेतून आत्या उठली, सरळ स्टेजवर चढली आणि बिनमाईकची आपलं कडवं गाऊन मोकळी झाली, नावासकट. शाहीर मग ढोलकीवाल्यावरच खेकसले, "वाजव ना बे, पाहून काय राह्यला!" माणूस वाईट नव्हता. त्यानंतर त्यांनी तिचं नाव कधी बदललं नाही. मी तेव्हा नववीत होते. शेजारच्या अनोळखी बाईलाही कोपराने ढोसून सांगत होते, माझी आत्या आहे ती!

गेल्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली. तेव्हा तेच गाणं मला मोबाइलवर सापडलं. कॉलेजातली एक मुलगी छान गात होती, पण शेवटचं कडवं गाळून, आणि खाली लिहिलं होतं 'पारंपरिक'. मी आत्याला वाचून दाखवलं.

"हा पारंपरिक कोन्या गावचा हाय?" आत्या कडाडली.

मी मुलीचा नंबर मिळवून फोन लावला, तर आत्याने तो हिसकावूनच घेतला. "गा बाई, खुशाल गा. पन मी जित्ती हाय!"

पोरगी बिचारी रडवेली झाली. माझ्याकडून आत्याचं पूर्ण नाव लिहून घेतलं आणि तासाभरात व्हिडिओखाली टाकलं. आत्याने चष्मा लावला, अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मधातलं नवऱ्याचं काढ म्हना. त्यानं एक ओळ तरी लिव्हली काय?"

महिन्याभराने आत्या गेली. पुण्यानुमोदनाची, म्हणजे आमच्यातल्या मृत्यूनंतरच्या विधीची, पत्रिका छापायला मी मेहकरला गेले. रडू येत होतं, पण मान ताठ होती. प्रेसवाल्याने मजकूर वाचला. "ताई, मधात नवऱ्याचं नाव राह्यलं ना."

"राह्यलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही तिच्या नावाआधी 'कवयित्री' छापा. मोठ्या अक्षरात."