अब्बांच्या रिंगवरचे सहा आकडे

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मी लहानपणीच्या दारव्ह्याला, अब्बांच्या सायकल दुकानात पोचते. १४२८५७ ला दोनने गुणलं, तीनने गुणलं, तरी उत्तरात तेच आकडे कसे येतात, हे मला कळत नव्हतं. चौथीत शाळा सुटलेल्या अब्बांना काय विचारायचं? पण त्यांनीच माझी वही ओढली, ते आकडे खडूने रिंगवर गोल लिहिले आणि दोनचा आकडा वर येईपर्यंत रिंग फिरवली. तिथून वाचलं तर २८५७१४, दोनने गुणल्याचं उत्तर!

"पाह्य बेटा, आकडे तेच हायत. चक्का फक्त फिरून राह्यला."

सातने गुणल्यावर मात्र सगळे नऊच आले. "झालं पंक्चर!" अब्बा हसले.

आज ती रिंग माझ्या वर्गात फळ्याशेजारी टांगलेली आहे. ही युक्ती कोणत्या गणितज्ञाची, असं मुलं विचारतात. "माझ्या अब्बांची," मी सांगते, आणि आवाज आपोआप चढतो.