चंद्राआधी गुळाचा खडा

देव माझ्याकडे जातीने लक्ष देतो, असं मला कधी वाटलं नाही. एकट्या डोंबिवलीत माणसं किती, त्यांच्या अडचणी किती. त्यात माझी पाळी कुठून येणार? आरतीला मोठ्याने गाणं आणि प्रसादाला सगळ्यांत पुढे उभं राहणं, एवढीच माझी भक्ती. खरी भक्ती आमच्या ह्यांची. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत बसगाड्यांची वेळापत्रकं लावण्यात सगळी नोकरी गेली, आणि वीस वर्षांत एक संकष्टी चुकवली नाही. पुढे मधुमेह झाला. डॉक्टर ओरडले, मी रडून दाखवलं, आणि मला उत्तम रडता येतं, पण उपयोग शून्य. ढग असतील तर कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ चालेल. आभाळ मोकळं असेल तर चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोंडात काही जाणार नाही, हा त्यांचा कायदा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलाकडे, निनादकडे, ऑस्ट्रियात गेलेलो. त्याने एका संध्याकाळी बर्फावरून घसरायला न्यायचं ठरवलं आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी. रोपवेने डोंगरावर जायचं आणि कपाळाला दिवा बांधून, लाकडी घसरगाडीवर बसून, जंगलातल्या वाटेने अंधारात खाली यायचं. साठीला टेकलेल्या माणसांनी! मी लगेच तयार झाले. हे तयार झाले ते वेगळ्याच कारणाने. "खाली दरीत चंद्र दिसायचा नाही. वर लवकर दिसेल."

वरही दिसेना. आभाळ काचेसारखं स्वच्छ, चांदण्या मुठीने उधळलेल्या, आणि चंद्र मात्र शीळफाट्याला अडकलेल्या ट्रकसारखा समोरच्या कड्यामागे. निनादने मोबाइल पुढे धरला.

"बाबा, उगवून अर्धा तास झाला. खा ना आता."

"तुला दिसला?"

"दिसला नाही, पण आहे."

"मग दिसू दे."

"अहो, देव न बघता मानता. मग चंद्रानेच तुमचं काय घोडं मारलंय?" मी म्हणाले.

हे हसले नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं. माझ्या विनोदाला ते नेहमी हसतात, निदान भीतीने तरी.

निनाद त्याच्या गाडीवरून पुढे सुटला. मागे आमची गाडी. मी पुढे, हे माझ्या कमरेला धरून मागे. मी टाचा बर्फात घासत, किंचाळत, अगदी मजेत चालले होते. तिसऱ्या की चौथ्या वळणावर कमरेभोवतीची पकड सैल झाली. मी दोन्ही टाचा रोवल्या आणि आम्ही बर्फात कलंडलो. ह्यांच्या तोंडावर दिव्याचा उजेड पाडला, तर त्या थंडीत माणूस घामाने निथळत होता. हात थरथरत होते. साखर उतरली होती. निनादला हाका मारल्या, पण तो कुठल्या कुठे गेलेला.

नैवेद्याची डबी माझ्या कोटात होती. गुळाचा खडा ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं. "चंद्र..." एवढंच म्हणाले, तेही जड जिभेने.

आयुष्यात मी पुष्कळ नाटकं केली आहेत. त्या वेळी एकही सुचलं नाही. "गणराया, ह्यांचं व्रत मी मोडतेय, पाप मला लागू दे," असं म्हटलं, बोटाने ओठ उघडले आणि गूळ गालात सारला.

तेवढ्यात मागून एक घसरगाडी येऊन थांबली. लाल टोपीतली, माझ्याच वयाची बाई. भाषेचा प्रश्नच नव्हता, कारण भाषा नव्हतीच. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं, हवेत गोल चंद्र काढला, मग तोंडाकडे हात नेला. या माणसाला चंद्र खायचाय, असं तिला वाटलं असावं. तिने ह्यांना नीट बघितलं, मग कड्याकडे बघितलं. आपली शाल त्यांच्याभोवती गुंडाळली, त्यांना गाडीवर बसवलं आणि दोरी धरून पुढच्या वळणापर्यंत ओढत नेलं. तिथे कड्याला एक खाच होती आणि त्या खाचेत चंद्र होता.

ह्यांनी हात जोडले. बराच वेळ जोडलेले ठेवले. मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "आता दे गं."

आधीचा गूळ त्यांना आठवतच नव्हता. मी अगदी साळसूद चेहऱ्याने डबी उघडली. बाई हसली, शाल तशीच राहू दिली आणि घसरत निघून गेली. कोण होती? तिथलीच कुणी असेल. तिला ती खाच माहीत होती, एवढं मला पुरे आहे.

बाप्पाने ऐन वेळी चंद्र दाखवून वाचवलं, असं हे सगळ्यांना सांगतात. मी मान डोलावते. तोवर मी देवाला फुलं दिली, नारळ दिले, चांगलं चांगलं तेच दिलं. त्या रात्री पहिल्यांदा एक चूक त्याच्या हाती दिली, आणि त्याने ती एक शब्द न बोलता घेतली. शरण जाणं मला कळलं ते एवढंच, आणि तेवढ्यासाठी मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

आता, हे मासिक आमच्या घरी येतं आणि हे ते पहिल्या ओळीपासून वाचतात. तेव्हा अहो, इथवर आला असाल तर ऐका. तुमची संकष्टी तुम्ही मोडलेली नाही. ती मी मोडली. आणि पुन्हा वेळ आली, तर पुन्हा मोडेन.