शांततेच्या काळातला आवाज

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी, पूजा आटोपून, मी ऐरोलीतल्या माझ्या ऑफिसचं शटर वर करत होतो. उमेदवारांचे व्हॉइस मेसेज इंटरनेटवरून मतदारांना पाठवणं हा माझा व्यवसाय. पायरीवर ॲडव्होकेट सुमतीताई उभ्या होत्या. प्रचाराच्या जाहिराती तपासणाऱ्या समितीच्या त्या सदस्य. ती आमची पहिली भेट.

त्यांनी स्वतःचा फोन माझ्या कानाला लावला. "मी तुमचा भाऊ बोलतोय. उद्या मला विसरू नका."

करावे गावचे पुढारी भाऊ तीन वर्षांपूर्वी वारले होते. पुतण्याच्या प्रचारासाठी त्यांच्या जुन्या भाषणांवरून तो आवाज मी संगणकावर बनवला होता. समितीला नुसता मजकूर दाखवला. आवाज कुणाचा, ते लिहिलं नाही. शिवाय आधीच वेळ लावून ठेवलेले मेसेज थांबवायचे राहून गेले. मतदान संपण्याआधीचे अठ्ठेचाळीस तास कायद्याने शांततेचे, आणि त्यातच भाऊ घरोघरी बोलत होते.

"मेलेल्या माणसाला नोटीस कशी काढू? तुम्हालाच काढते," ताई म्हणाल्या. मेसेज बंद करवले, नोटीस दिली. मग खुर्ची ओढून बसल्या. "खरं तेवढंच लिहा. मी आहे. चहा सांगा."

कायद्यात त्यांना आपपर भाव नाही. सख्ख्या भाच्याची जाहिरातही त्यांनी परत पाठवली. "मावशी, घरातल्यांना तरी चालवून घे!" "घरात हवी तेवढी लाव. मोबाइलवर नाही."

त्या दुपारी ताईच मला भाऊंच्या पत्नीची, काकूंची, माफी मागायला घेऊन गेल्या. काकू दोन ताटं वाढून बसल्या होत्या.

"हे बोलले. 'जेवलीस का गो?' म्हनाले."

माझ्या मेसेजमध्ये ते वाक्य नव्हतं. परत येऊन मी तो बारा वेळा ऐकला. नव्हतंच.

मेसेज बंद झाले, पण मूळ आवाज माझ्या संगणकात राहिला. पुसणं म्हणजे त्यांना पुन्हा मारणं, असं वाटे. निवडणूक आली की कुणीतरी विचारी, "शेठ, भाऊंना यंदा आणताय ना?" मी नाही म्हणे. ताई रागावल्या नाहीत, भेटल्या की फक्त विचारत, "भाऊ अजून तुमच्याकडेच?"

ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. अजून पुष्कळ निवडणुकांत, ठणठणीत प्रकृतीने, त्यांनी आमच्यासारख्यांच्या पायरीवर उभं राहावं, ही परमेश्वराकडे प्रार्थना.

त्यांच्या प्रश्नाला मात्र आता माझ्याकडे उत्तर आहे. काल सकाळी मी संगणक घेऊन करावेला गेलो. "पुसू का?" असं काकूंना विचारलं. होकारार्थी मान हलवून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मी आवाज पुसून टाकला.