मरून रंगाच्या दोन बॅगा

तेहतीस वर्षांच्या नोकरीतले बरेच गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्याच्या हद्दीतला, हेही कधी कधी सांगता येत नाही. पण कोल्हापुरातले दोन मरून बॅगांचे प्रकरण मी आजही पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता सांगू शकतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना ते माझ्याकडे आले. संबंधितांची नावे इथे देत नाही.

डिसेंबरचे दिवस होते. सकाळची हजेरी संपवून मी टपाल बघत बसलो होतो. बॅगा आणि चामडी वस्तू दुरुस्त करणारा एक कारागीर दाराशी येऊन उभा राहिला. सर्वांसमोर बोलेना. असा माणूस आला की आधी चहा द्यावा, प्रश्न नंतर विचारावेत, हे मी अनुभवाने शिकलो होतो. आतल्या खोलीत चहा पोटात गेल्यावर तो बोलू लागला.

"साहेब, एका टूरवाल्यानं दोन नव्या बॅगांस्नी दुहेरी तळ शिवायला सांगितला. म्हणला, गिऱ्हाइकाचं दागिनं चोरापास्नं लपवायचं हायत. मी शिवला. मग तळात काय तरी भरून परत आणल्या. आत बघू दिलं न्हाय. माझ्यासमोर बसून टाकं घालून घेतलं."

"बॅगा गेल्या कुठं?"

"त्याच्या हापिसात पोचवायला गेलतो, तवा तितं दोन बायका बसल्यावत्या. त्यास्नीच दिल्या. एकीला समदी सिस्टर म्हणत हुती. मंगळवार पेठेतल्या हायत म्हणं. परवा निघणार हायत, दुबईला. तितनं बोटीनं फिरणार."

त्याने शिवलेल्या तळात काय असणार, याचा अंदाज मला आला. स्टेशन डायरीत नोंद घेतली, वरिष्ठांना फोनवर कल्पना दिली आणि टूरवाल्याच्या कार्यालयासमोर साध्या वेशातली दोन माणसे बसवली. त्याला लगेच उचलता आले असते. पण त्या दोन बायका त्याच्या साथीदार आहेत की गिऱ्हाईक, हे ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर माझा कल साथीदाराकडेच होता. असला माल वाहणारा प्रत्येक जण "मला काही माहीत नाही" असेच म्हणतो. निघताना मी आमच्या महिला हवालदारांना सांगितले, "अटकेचे कागद सोबत घ्या."

पेठेत सिस्टर म्हटल्यावर घर सापडायला दहा मिनिटेही लागली नाहीत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, साठी ओलांडलेल्या, पती वारलेले. सोबतची दुसरी बाई त्यांची धाकटी जाऊ. तीही विधवा. ती चंदगडला काजूची बाग सांभाळायची आणि थोरलीला अक्का म्हणायची. पुढच्या खोलीत कपड्यांच्या चळती, गोळ्यांची पाकिटे आणि भिंतीला लागून त्या दोन मरून बॅगा.

पोलीस बघून धाकटी उभीच राहिली. सिस्टर मात्र चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "या. कुणाकडं आलाय?"

मी बॅगांची झडती घ्यायची असल्याचे सांगितले. अशा झडतीला राजपत्रित अधिकारी आणि दोन पंच लागतात. ते येईपर्यंत दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मी आधी सिस्टरांची विचारपूस सुरू केली.

"हा प्रवास कुणी ठरवला?"

"मी. वरीसभर ठरवतोय." आमच्याकडच्या बायका बोलताना स्वतःसाठी पुरुषासारखेच रूप वापरतात. "जावंनं गोव्याचा समुद्र धा वेळा बघितलाय. पर ती म्हणली, अक्का, जमिनीवरनं समुद्र बघितला, आता समुद्रातनं जमीन बघायची हाय."

"मग दुबईच का?"

"हितल्या बोटी बघितल्या की. तारखा जमंनात. तिकडं थंडीत ऊन सोसवतंय, समुद्र शांत असतोय. ह्यो टूरवाला पयल्यांदा बिनखिडकीची खोली देत हुता. म्हटलं, खिडकी नसंल तर घरातच बसतो की!"

"बॅगा कुणी घेतल्या?"

"त्यानंच दिल्या, भेट म्हणून. बोटीवर सामान आधी वर जातंय, एका रंगाच्या बॅगा असल्या की हमालाला वळखू येतात म्हणला. तिकडं हॉटेलात त्याचा माणूस येऊन बॅगा घेऊन जाणार, सांजच्याला बोटीवर खोलीत मिळणार. तेवढ्या वेळची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, असंबी सांगितलं."

म्हणजे बॅगा काही तास त्या माणसाच्या ताब्यात राहणार होत्या. योजना माझ्या ध्यानात आली. तरी बाईंना ती ठाऊक नव्हती कशावरून? मी आवाज चढवला. "सिस्टर, या बॅगांत काय आहे, ते तुम्ही सांगता की आम्ही काढू?"

त्या ताडकन उठल्या. "आम्ही काय चोर हाय व्हय? पस्तीस वर्सं वॉर्डात काढल्यात. थांबा." कपाटातून एक शंभरपानी वही आणून त्यांनी माझ्यापुढे टाकली.

मी ती वही उभ्यानेच चाळली आणि मग खुर्ची ओढून बसलो. वर्षभराची टिपणे होती. कोणत्या महिन्यात कोणती बोट, कुठल्या मजल्यावर हेलकावे कमी, शाकाहारी जेवण मिळते का, उलटीची गोळी किती वेळ आधी घ्यायची. शेवटच्या पानावर सामानाची वजने. विमानात वजनाची मर्यादा असते म्हणून बाईंनी रिकाम्या बॅगासुद्धा काट्याला लावल्या होत्या. घरातली तेवढ्याच आकाराची बॅग चार किलोच्या आत, नव्या दोन्ही सहाच्या घरात. त्याखाली दवाखान्यातल्या नोंदीसारखे तारीख, वेळ घालून लिहिले होते : "बॅग जड का, म्हणून टूरवाल्यास फोनवर विचारले. परदेशी माल, मजबूत असतो म्हणाले. पटले नाही. उद्या पुन्हा विचारणे."

तो उद्या म्हणजे आम्ही गेलो तोच दिवस.

ज्याला माल कुठे आहे ते माहीत असते, तो बॅग जड का म्हणून विचारत नाही आणि विचारल्याची वेळ लिहून ठेवत नाही. मी हवालदारांकडे बघितले. त्यांनी अटकेचे कागद फाईलमध्ये सरकवले.

अधिकारी आणि पंच आल्यावर त्यांच्यासमोर तळाचे टाके उसवले. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चपट्या पुड्या निघाल्या. जागेवरच्या चाचणीत अमली पदार्थ असल्याचे दिसले. नमुने मोहोरबंद झाले, पंचनामा लिहिला जाऊ लागला. धाकटी जाऊ पुड्यांकडे बघत म्हणाली, "साहेब, तिकडं सापडलो असतो तर?"

परक्या मुलुखात, भाषा येत नसताना, स्वतःच्या बॅगेत हे सापडल्यावर त्यांचे कोणी ऐकले असते का? "आता नाही सापडत," एवढेच म्हणालो.

दुपारी टूरवाल्याला ठाण्यात आणले. इस्त्रीचा शर्ट, आवाज शांत. "साहेब, मी फक्त तिकिटं काढून देतो. बॅगा त्यांच्या, आतला माल त्यांचा. त्यांनाच विचारा."

"बॅगेच्या वजनाबद्दल तुला फोन आला होता?"

"नाही."

मी वहीतली वेळ वाचून दाखवली. त्याचाच मोबाईल पंचांसमोर त्याच्याकडून उघडून घेतला. त्याच वेळेला सिस्टरांचा फोन येऊन गेला होता. त्याच मोबाईलमध्ये दोघींचा कार्यालयात काढलेला फोटो दुबईतल्या एका नंबरला पाठवलेला होता, हॉटेलच्या नावासह. त्याने पाणी मागितले. पाणी पिऊन म्हणाला, "म्हाताऱ्या बायकांवर कोण संशय घेतंय, साहेब?"

नोकरीत मी खूनही तपासले, पण इतका थंड जबाब क्वचितच ऐकला. त्याने आणखी दोन नावे दिली. पुढचा तपास स्थानिक गुन्हे शाखेने केला. कारागीर न कचरता न्यायालयात साक्षीला आला. सिस्टरांची उलटतपासणी दीड तास चालली. बचावाचे वकील दमले, त्या नाही. शिक्षा झाली.

निकालानंतर त्या माझ्याकडे आल्या. "साहेब, जाऊ म्हणत्या, आता बोटीचं नाव नको. तुमी काय म्हणता?"

"जा," मी म्हणालो. "बॅग मात्र घरची."

निकालानंतरच्या थंडीत दोघी मुंबईहून कोकण किनाऱ्याने केरळपर्यंत जाऊन आल्या. खिडकीची खोली मिळाली. धाकटी पहिला दिवस उलट्या करत होती आणि उरलेले दिवस कठड्याजवळून हलायला तयार नव्हती, असे सिस्टरांनी हसत हसत सांगितले. तेव्हा मला किती हलके वाटले, ते घरी बायकोलाही नीट सांगता आले नाही.

त्या सकाळी मी दोघींना जवळजवळ आरोपी ठरवूनच निघालो होतो. मी सगळ्यांवर संशय घ्यायला शिकलो होतो आणि म्हाताऱ्या बायकांवर कुणी संशय घेत नाही, यावर त्या माणसाने धंदा उभारला होता. दोघांच्याही हिशेबात एक गोष्ट नव्हती : साधे उत्तर पटले नाही, तर पुन्हा विचारणारी बाई. तेव्हापासून ठाण्यात कुणी क्षुल्लक शंका घेऊन आले, तरी मी त्याला बसवून ऐकू लागलो.

उघडकीस आणलेल्या गुन्ह्यांबद्दल मला प्रशस्तिपत्रे मिळाली आहेत. पण दोन बायका परक्या देशातल्या तुरुंगात नाहीत, आपापल्या घरी आहेत, याची नोंद खात्याच्या कुठल्याच कागदावर होत नाही. माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी कमाई मी तीच समजतो.