रायफल त्यांची, बोल्ट माझा

प्रिय ईरा आणि निहार,

आजोबांना जाऊन आता दीड महिना होत आला. परत जाताना विमानतळावर आणि नंतर फोनवरही तुम्ही दोघांनी मला एकच प्रश्न विचारलात, आजोबांची रायफल आजीने एवढ्या घाईने पोलिसांकडे का जमा केली? मी म्हणाले, "कायदा आहे." ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. रीतसर अर्ज करून तुमच्या बाबाच्या नावावर परवाना मागता आला असता. मी तो मागू दिला नाही. हे फोनवर सांगण्यासारखं नाही आणि उशीर केला तर माझ्याकडून नीट सांगून होणार नाही, म्हणून आता लिहिते आहे.

ते पहाटे गेले, नाशिकला इंदिरानगरच्या घरी, झोपेतच. डॉक्टर येऊन गेले, तुमच्या बाबाला फोन झाला, मग मी चहा केला आणि सवयीने दोन कप भरले... त्या दिवसाविषयी एवढंच. दिवस झाल्यावर बाबा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने रायफल उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "आजी, ही तर अर्धीच हाय. हिचा बोल्ट कुठंय?" मी पर्समधून बाबाचा लहानपणीचा लोकरी मोजा काढला आणि त्यातून बोल्ट काढून टेबलावर ठेवला. बोल्ट म्हणजे नळीच्या मागे सरकणारा पोलादी दांडा. तो काढून घेतला की रायफल म्हणजे लाकडात बसवलेला पाइप. "असं वेगवेगळं का ठेवलं?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "घरचा नियम होता."

निवृत्तीनंतर आजोबा निम्मा आठवडा दिंडोरीजवळच्या आपल्या द्राक्षबागेत राहू लागले, तेव्हा त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. अर्जात कारण लिहिलं पीकसंरक्षण, कारण रानडुकरं खरोखरच येत. मनातलं कारण मात्र कॉलेजातलं एनसीसी होतं. तेव्हा शिबिरात हातात घेतलेली रायफल ते विसरले नव्हते. दुकानदाराने त्यांच्यापुढे चकचकीत नव्या बंदुका मांडल्या. यांचं लक्ष कोपऱ्यातल्या एका जुन्या रायफलीकडे. ती कधीकाळी लष्करात होती, नंतर नळी बदलून नागरी परवान्यात बसेल अशी केलेली. "काका, पहिल्यांदाच घेताय ना? मग नवी घ्या. ही स्वस्त आहे, पण जड आहे, खांद्याला लाथ मारते," दुकानदार म्हणाला. आजोबांनी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये लेथवर काम करून घेतलेलं. त्यांनी बोल्ट दोनदा मागेपुढे सरकवला आणि मला म्हणाले, "बघ, कुठे खडखडतोय का? नव्यांना हे काम जमायचं नाही." मला त्यातलं काहीच कळलं नाही. त्यांचा चेहरा मात्र कळला.

रायफलीवर जुन्या ग्रीसचा जाड थर होता. तो काढायला त्यांनी रॉकेल वापरलं, स्वतःचे जुने बनियन वापरले, माझी किटली वापरली. तरी लाकडातलं ग्रीस निघेना, तेव्हा त्यांनी ती गच्चीवर नेऊन भर उन्हात चटईवर ठेवली आणि शेजारी छत्री घेऊन पहाऱ्याला बसले. कुरडयांचे दिवस होते. समोरच्या वहिनी खाली येऊन मला म्हणाल्या, "अहो, तुमचे हे माझ्या कुरडयांशेजारी काय वाळत घालून बसलेत? कावळे राहू द्या, आता मीच जायला घाबरतेय!" संध्याकाळी सोसायटीचे दोघे समजूत घालायला आले. आजोबांनी त्यांनाच परवाना वाचायला लावला, चहा पाजला आणि रायफल कशी साफ करतात ते समजावून सांगितलं. वहिनींच्या कुरडयांना मात्र त्या वर्षी थोडा रॉकेलचा वास लागला.

त्याच रात्री जेवताना मी माझी अट सांगितली. तुमचे आजोबा चांगले होते, पण शांत नव्हते. कारखान्यात त्यांनी एकदा चिडून पाना भिंतीवर फेकला होता. पाना परत उचलता येतो. म्हणून मी म्हणाले, "रायफल तुमची. बोल्ट माझ्या कपाटात राहील. लागेल तेव्हा मागायचा." मला वाटलं होतं भडकतील. ते घास खाली ठेवून म्हणाले, "बँकेच्या लॉकरसारखं. दोन चाव्या. ठीक आहे." पुढे कितीतरी वर्षं नेमबाजीच्या रेंजवर किंवा बागेत जाण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत आणि अदबीने विचारत, "मॅडम, बोल्ट मिळेल का?" आल्यावर खांद्याला मलम चोळत परत करत.

घरात वर्षातून एकच दिवस रायफल आणि बोल्ट शेजारी असत, तो खंडेनवमीचा. दिंडोरीच्या घरी कोयते, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, सगळ्यांना हळदकुंकू लागे. दारात ट्रॅक्टरला झेंडूचा हार. मधल्या पाटावर रायफल, तिच्याजवळ बोल्ट.

अशाच एका खंडेनवमीला आपल्याकडे फवारणीचं काम पाहणारा रघू धावत आजोबांकडे आला. "अण्णा, नानांनी रस्त्यावर खांब आणून टाकलेत. खड्ड्यांच्या खुणा बी केल्यात. उद्या आपला ट्रॅक्टर नाय जायचा."

नाना म्हणजे आजोबांचे चुलतभाऊ. त्यांचं रान डांबरी रस्त्याला लागून, आपलं मागे. आपल्या बागेत जायची वाट त्यांच्या बांधावरून होती आणि त्यांना तिथे द्राक्षाची आणखी एक ओळ लावायची होती. त्या वर्षी आपली छाटणी लवकर झाली होती, कोवळी फूट निघाली होती आणि रात्री पाऊस पडून गेला होता. अशा वेळी दोन दिवस फवारणी चुकली तर डावणी रोग येतो आणि घड जातात, म्हणजे वर्ष जातं.

आजोबा पाटासमोरच बसले होते. त्यांनी बोल्ट उचलला आणि रायफलीत बसवला. काडतुसांच्या पेटीची किल्ली त्यांच्या खिशात असे. ते उठले, आणि मी दारात उभी राहिले.

"पूजेतलं शस्त्र आज उचलायचं नसतं," मी म्हणाले.

"काय?"

"मांडलेली पूजा आहे. उद्या दसऱ्याला उठवायची."

"हे तू सांगतेस? तू? साधा उपास धरला नाहीस कधी!"

"आज सांगतेय."

"कधीपासून मानायला लागलीस?"

"आत्तापासून."

ते मला बाजूला सारून गेले असते तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही. शेवटी बोल्ट काढून त्यांनी पाटावर ठेवला. "ट्रॅक्टर काढ रे," ते रघूला म्हणाले. रघू चाचरत म्हणाला, "अण्णा, तो बी पूजेतच हाय." तेव्हा ते चपला घालून चालत निघाले आणि त्यांच्यामागे मी.

नाना त्या खांबांवरच बसले होते. "काय अण्णा, मोकळ्या हातानं? मला वाटलं बंदूक घेऊन येताय."

"ती पूजेत आहे."

"माझी पहार बी पूजेत हाय," नाना म्हणाले. "नायतर खांब सकाळीच उभे केले असते."

कुणी हसलं नाही. आजोबा खांबाच्या दुसऱ्या टोकाला बसले. दोघं अंधार पडेपर्यंत भांडले, वाडवडिलांपासूनचं सगळं काढलं. त्या दिवशी ठरलं एवढंच, की हंगाम संपेपर्यंत खांब उभे राहणार नाहीत. पुढे मोजणी झाली, बोलाचाली झाली, वर्षभर नाना आमच्या घरी आले नाहीत. शेवटी आजोबांनी आपल्या बाजूची एक ओळ काढून टाकली, नानांनी त्यांच्या बाजूची थोडी जागा सोडली आणि वाट मधोमध सरकली. ती ओळ काढताना आजोबा नाशिकला निघून आले होते. त्यांना ते बघायचं नव्हतं.

त्यानंतरच्या खंडेनवमीला रायफल एकटीच पाटावर आली. "बोल्टाची पूजा तू तुझ्या कपाटातच कर," ते मला म्हणाले. त्या दिवसाविषयी आम्ही याहून जास्त कधी बोललो नाही.

ते गेल्यावर दोन्ही भाग पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या ताब्यात आले. परवाना एकाच्या नावावर होतो, आमचा नियम मात्र दोघांचा होता. तुमच्या बाबाचा राग मी कधी पाहिलेला नाही, पण तो तिकडे बागेवर एकटा राहतो. त्याने बोल्ट कुणाकडे मागायचा? म्हणून मी रायफल देऊन टाकली.

गेल्या आठवड्यात मी दिंडोरीला जाऊन आले. वाट आहे. सकाळी तिच्यावरून आपला ट्रॅक्टर जातो, दुपारी नानांचा. नानांनी त्यांच्या अर्ध्या भागात मुरूम टाकला आहे. आपल्या अर्ध्या भागात टाकायचा अजून राहिला आहे.